सारखी पाने

पत्ते खेळणे वाईट, असे आमच्या घरात वर्षाचे तीनशे साठ दिवस मानले जाते. उरलेले पाच दिवस दिवाळीचे. वसुबारसेच्या संध्याकाळी माजघरातल्या कपाटावरून पत्त्यांचा डबा खाली येतो आणि भाऊबीज उरकून शेवटचा पाहुणा गाडीत बसेपर्यंत तो वर जात नाही. या दिवसांत आमच्या वाईच्या घरी पुण्याची, मुंबईची, नाशकाची, एक तर थेट इंदूरची अशी चहूकडची मंडळी गोळा होतात. अभ्यंगस्नान, फराळ, दुपारची झोप हे सारे यथासांग पार पडते; पण खरे सांगायचे तर सगळे येतात ते मेंढीकोट खेळायला.

मेंढीकोट ठाऊक नसलेला मराठी वाचक मला अजून भेटायचा आहे. तरी एखादा असलाच, तर त्याच्यासाठी चार वाक्ये. चौघे बसायचे, समोरासमोरचे ते भिडू, प्रत्येकाला तेरा पाने. दश्शी म्हणजे मेंढी. चारांपैकी तीन मेंढ्या ज्यांच्या पदरात पडतील ते जिंकले. दोन दोन झाल्या तर ज्यांचे हात जास्त ते जिंकले. चारही एकीकडे गेल्या तर कोट, आणि तेराच्या तेरा हात झाले तर बावन्नपत्ती, जिची आठवण हरणाऱ्याला पुढच्या दिवाळीपर्यंत करून दिली जाते. हुकूम आमच्याकडे कापून होतो. चाललेल्या रंगाचे पान ज्याच्याजवळ प्रथम नसेल, त्याने जे पान टाकले त्या रंगाचा हुकूम. एवढाच खेळ. पोरांना तो अर्ध्या तासात येतो आणि मोठ्यांना साठ वर्षांत येत नाही.

या खेळावरून आमच्याकडे भांडण होई. ते होणारच असे धरून वहिनी चकल्यांचा दुसरा घाणा पाडव्याच्या रात्रीसाठी राखून ठेवीत. पण २०१६ सालच्या पाडव्याला जे झाले ते चकल्यांनी मिटण्यासारखे नव्हते. धाकटा भाऊ बापू ओळीने पाच डाव हरला. पाचव्या डावाला अण्णांनी कोट केला तेव्हा त्याने हातातली पाने सतरंजीवर टाकली आणि म्हणाला, "अण्णांच्याच हातात नेहमी चांगली पानं पडतात."

सगळे गप्प झाले. वाक्य पत्त्यांबद्दल होते, पण ते पत्त्यांबद्दल नाही हे पोरांनाही कळले. त्याच उन्हाळ्यात घराच्या वाटणीचे कागद झाले होते. विहिरीसकट पुढचा भाग अण्णांकडे गेला, मागचा बापूकडे. माडी माझ्याकडे आली. ती पावसाळ्यात गळते म्हणून माझा हेवा कोणी केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, ताईने ओवाळण्याच्या आधीच, बापू पुण्याला निघून गेला. ताटातले निरांजन तसेच जळत राहिले.

मी गणिताचा मास्तर. एकतीस वर्षे मी शाळेचे वेळापत्रक केले आहे. बावीस शिक्षक, अठरा वर्ग, दोन पीटीचे तास आणि चित्रकलेचा एकच मास्तर, यांची मोट बांधून कोणालाही सलग चार तास येऊ न देणाऱ्या माणसाला आपण जगातली कोणतीही वाटणी न्याय्य करू शकतो असा भ्रम होणे साहजिक आहे. घराच्या वाटणीत मी तोंड उघडले नव्हते. पत्त्यांची वाटणी तरी मी वादातीत करीन, असे त्या वर्षी मनाशी धरले.

नशिबाचे काय करायचे, हा पहिला प्रश्न. बावन्न पानांतून एका माणसाच्या हातात येऊ शकणारी तेरा पानांची जुळणी ६३,५०१ कोटींहून अधिक प्रकारची असते. इतक्या प्रकारांतून आज कोणाला काय येईल हे कोण सांगणार? पण या दुखण्यावर इलाज जुना आहे. 'कॅव्हेंडिश' या टोपणनावाने व्हिस्टवर लिहिणारे हेन्री जोन्स हे लंडनचे एक डॉक्टर. त्यांनी १८५७ मध्ये एक प्रयोग केला. काही कसलेले आणि काही सामान्य खेळाडू घेतले आणि दोन ठिकाणी तीच पाने बाजू उलटवून खेळायला दिली. एकीकडे जी पाने कसलेल्यांकडे, तीच दुसरीकडे सामान्यांकडे. मग जो फरक उरेल तो पानांचा कसा म्हणणार? ब्रिजच्या मोठमोठ्या सामन्यांत आज हीच रीत आहे. नोकरीच्या काळात चार वर्षे मी ब्रिज खेळलो होतो. खेळात प्रगती झाली नाही, पण ही रीत डोक्यात राहिली.

तर रीत अशी. एका संघात चार माणसे, म्हणजे दोन जोड्या. एक जोडी माजघरात दक्षिणोत्तर बसते, तर दुसरी ओसरीवर पूर्व-पश्चिम. विरुद्ध संघाच्या जोड्या उरलेल्या जागी. माजघरात जे डाव झाले तेच, पान न् पान तसेच, ओसरीवर जातात. चांगली पाने आली तर ती तुमच्या एका जोडीला आली आणि तुमच्याच दुसऱ्या जोडीच्या विरुद्ध गेली. तक्रार करायला जागाच नाही. त्यासाठी खेळताना पान मध्ये टाकायचे नाही. आपापल्या पुढ्यात पालथे ठेवायचे, हात आपला झाला तर उभे, दुसऱ्याचा झाला तर आडवे. डाव संपला की हात मोजायचे आणि आपली तेरा पाने आपल्या लखोट्यात घालायची. साड्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून त्यांवर चार चार लखोटे मी चिकटवले आणि प्रत्येक पुठ्ठ्यावर दिशा आणि उतारी कोणाची ते लिहिले. सोळा माणसे, चार संघ, प्रत्येकाचा प्रत्येकाशी सामना. एका सामन्यात चार डाव, एका वेळी दोन सामने, म्हणजे आठ पुठ्ठे आणि पत्त्यांचे आठ कॅट. ते मी बाजारातून एकदम घेतले तेव्हा दुकानदाराने माझ्याकडे असे पाहिले की निवृत्त मास्तरांच्या पेन्शनीचे पुढे काय होते हे त्याला आजच उलगडले.

गुणांत मी आधी चुकलो. मेंढीला दोन आणि हाताला एक असे ठरवून घरच्या चौघांना बसवून पाहिले. माझा इंजिनिअर पुतण्या दुसऱ्याच डावाला मेंढ्यांचा नाद सोडून भराभर हात गोळा करू लागला. एक दश्शी गेली तरी तीन हात जास्त केले की भरून निघते, हे त्याने ताडले होते. खेळ मेंढीकोटाचा राहिलाच नाही. मग मेंढीला दहा केले, कोटाला वर आणखी दहा, तेव्हा लोक पुन्हा माणसांसारखे खेळू लागले. गुण कशाला द्यायचे यावर माणसे कशी वागतात ते ठरते, हे मी शाळेत एकतीस वर्षे पाहत आलो होतो. तरी चुकलो.

डोळ्यांच्या आणि खोकल्याच्या खुणा हा निराळा विषय. ब्रिजच्या १९७५ च्या जागतिक स्पर्धेत भिडूंना एकमेकांचे तोंड दिसू नये म्हणून टेबलावर आडपडदा लावला, तर पायांच्या खुणांवरून गदारोळ झाला आणि पुढे टेबलाखालीही अडसर घालावा लागला. आम्ही मांडी घालून बसतो. आमचे पाय निर्दोष आहेत.

सर्वांत नाजूक काम संघ पाडण्याचे. पूर्वी अण्णा आणि बापू आळीपाळीने भिडू निवडीत, आणि शेवटी दरवर्षी बापूची बायको उरे. मुले तिला काकू म्हणतात. ती हसून चहा टाकायला उठे. ही निवड मला बंद करायची होती. म्हणून सोळा माणसांना मी एकपासून सोळापर्यंत क्रम लावला. अण्णा पहिले, हे वादातीत, बापू चौथा, मी स्वतः आठवा, कारण गणिताच्या मास्तराला मध्य आवडतो, अण्णांचा अकरा वर्षांचा नातू पंधरावा, काकू सोळावी. आता प्रत्येक संघाची बेरीज सारखी यायला हवी. येथे खजुराहो मदतीला आले. तिथल्या पार्श्वनाथ मंदिरात सोळा घरांचे एक यंत्र कोरलेले आहे, चौतीसा यंत्र. पहिल्या ओळीत ७, १२, १, १४. दुसरीत २, १३, ८, ११. तिसरीत १६, ३, १०, ५. चौथीत ९, ६, १५, ४. आडवी बेरीज ३४, उभी बेरीज ३४. आडव्या ओळींचे चार संघ या वर्षी, उभ्या ओळींचे पुढच्या वर्षी. बेरीज सारखी आणि एकदा एका संघात असलेली दोन माणसे दुसऱ्यांदा एकत्र येत नाहीत. या यंत्राचा असा उपयोग कोणी केला असेल असे मला वाटत नाही, आणि तो केल्याचा मला जो अभिमान वाटला तो येथे लपवत नाही.

क्रमाचा कागद मात्र लपवला होता. पंचांगात. म्हणजे नेमका तिथे, जिथे दिवाळीत घरातले प्रत्येक माणूस हात घालते. भाऊबीजेला ओवाळताना ताई हळूच म्हणाली, "बाराव्या नंबरच्या बहिणीला ओवाळणी किती देतात रे?"

तो २०१७ चा पाडवा. बापूने यावे म्हणून मी दोनदा फोन केला होता. तो आला, पण अण्णांशी कामापुरते बोले. आम्ही खेळायला बसलो. ओरडायचे नाही, असा मी नियम केला होता, कारण माजघरात "कोट!" अशी आरोळी उठली की त्या डावात काय दडले आहे ते ओसरीला आधीच कळणार. आत्या म्हणाली, "ओरडायचं नाही तर दिवाळी कशाला?" तिचे बरोबर होते. तासभर घरात परीक्षेसारखी शांतता होती आणि पोरे रडवेली झाली होती. पण रात्री तक्ता मांडून मी डाव वाचू लागलो, तशी सतरंजीवर गर्दी झाली. सारखी पाने हा प्रकार किती निर्दय आणि किती गोड असतो ते तेव्हा कळले. तिसऱ्या डावात ज्या पानांवर माझ्या इंजिनिअर पुतण्याने एक मेंढी केली, त्याच पानांवर सोळाव्या नंबरच्या काकूने तीन केल्या होत्या. चौकटचे एक्का, राजा, राणी, गुलाम चारही पडून जाईपर्यंत आणि हुकूम संपेपर्यंत तिने दश्शी धरून ठेवली होती, आणि बाराव्या हाताला शांतपणे उतारी केली होती.

"काकू, कुठं शिकलीस?" पुतण्याने विचारले.

"पंचवीस वर्षं शेवटी उरते," ती म्हणाली, "तेव्हा बसून बघतच असते की."

माझा क्रम तिथेच निकालात निघाला. शिवाय एक आणि सोळा मिळून आठ आणि नऊ यांच्याएवढे होतात, हे फक्त कागदावर. मेंढीकोटात भिडूच्या एका चुकीने गेलेली दश्शी दुसरा कितीही हुशार असला तरी परत आणू शकत नाही.

पण त्या रात्री माझ्या लेखी महत्त्वाचे घडले ते निराळेच. अण्णांच्या आणि बापूच्या संघांचा सामना झाला तेव्हा दोघे दोन खोल्यांत एकाच दिशेला बसले होते. म्हणजे चारही डाव दोघांच्या हातात तीच तेरा पाने. चारांपैकी तीन डावांत अण्णा सरस ठरले. बापू तक्त्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मग दुसऱ्या डावाचा पुठ्ठा घेऊन अण्णांसमोर जाऊन बसला. "ही मेंढी तुम्ही काढलीत कशी?"

अण्णांनी पाने पसरली. "पडलेली पानं मनात मांडत जायची," ते म्हणाले. "रंगारंगानं. घाई करायची नाही." साडेबारापर्यंत ते समजावीत होते. वहिनींनी दोनदा दिवा मालवू का विचारले, दोनदा नको म्हणाले. त्या दोघांचे वर्षभरातले ते पहिले बोलणे. मी माडीवर झोपायला गेलो तो स्वतःवर भलताच खूश होऊन.

पुढच्या वर्षी, २०१८ च्या सप्टेंबरमध्ये, जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी ब्रिजच्या पुरुष जोड्यांत भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. बर्धन तेव्हा साठ वर्षांचे. अण्णांनी ते वर्तमानपत्र दिवाळीपर्यंत जपून ठेवले होते. ते स्वतः शहात्तरचे. "साठाव्या वर्षी माणूस सोनं आणतो," ते म्हणाले, "आणि तुम्ही मला विहिरीवर एकटे जाऊ नका म्हणता!" विहिरीवर एकटे जाऊ नका असे वहिनी का म्हणत होत्या, हे तेव्हा मी विचारायला हवे होते.

त्या वर्षी उभ्या ओळींचे संघ. अण्णा, मी, दहावा एक मेहुणा आणि पंधरावा नातू. अण्णा आणि नातू भिडू. पोराला कोण अभिमान! पण शेवटच्या फेरीत माजघरातून त्याचा आवाज ओसरीवर ऐकू आला: "आजोबा, दश्शी का दिलीत?" कोणीतरी त्याला गप्प केले. आमचा संघ शेवटचा आला. जेवताना सगळ्यांनी अण्णांची थट्टा केली, तेही हसले. नातू मात्र पानावरून लवकर उठला.

रात्री तक्ता भरायला मी माडीवर बसलो. पहिल्या फेरीत काही नव्हते. दुसऱ्या फेरीत एक मेंढी गेली होती, जी त्याच पानांवर दुसऱ्या खोलीत राहिली होती. तिसऱ्या फेरीत तीन. एरवी मी म्हटले असते, पाने वाईट आली. सगळ्यांनीच म्हटले असते. ते म्हणायची सोय मी दोन वर्षे खपून, पुठ्ठे कापून, नाहीशी केली होती.

जिना वाजला. बापू होता.

"भाऊ, सातवा लखोटा काढ."

मी काढला. अण्णांच्या जागेची तेरा पाने त्याने सतरंजीवर मांडली. ओसरीवर हीच त्याच्या हातात होती. "इथं त्यांनी किलवरची दश्शी उतारीला दिली," तो म्हणाला. "राजा अजून पडला नव्हता. मी मोजत होतो. मला मोजायला कुणी शिकवलं? गेल्या वर्षी त्यांनीच." थोडा वेळ तो पाने एकावर एक ठेवीत राहिला. "ते चुकले नाहीत रे. त्यांना आठवलं नाही."

घरात एवढी माणसे होती. पण हे दिसू शकेल असा माणूस एकच होता, ज्याच्या हातात तीच पाने होती.

"उद्या हा वाचू नकोस," बापू म्हणाला.

डाव वाचल्याशिवाय आमच्याकडे भाऊबीजेचे जेवण होत नाही, असा पायंडा मीच एका वर्षात पाडला होता. एकतीस वर्षांत मी कोणाचा एक गुण इकडचा तिकडे केला नव्हता. हेडमास्तरांच्या भाच्याचाही नाही. सकाळी मी एकूण बेरजा तेवढ्या वाचल्या आणि सांगितले की बाकीच्या तक्त्यावर चहा सांडला. चहा सांडला हे खोटे नव्हते. तो मी सांडला होता. ताईने त्या कागदाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि ओवाळायला घेतले.

२०१९ च्या उन्हाळ्यात पुण्याच्या डॉक्टरांनी अण्णांच्या विसरण्याला नाव दिले. अण्णांना तिथे नेले ते बापूने. वहिनींना आधीच ठाऊक होते. दूधवाल्याला महिन्यात दोनदा पैसे गेले तेव्हापासून. त्या कोणाला बोलल्या नव्हत्या.

त्या दिवाळीला वसुबारसेला डबा खाली आला तेव्हा मी पुठ्ठे काढू लागलो. बापू म्हणाला, "लखोटे राहू देत. नेहमीसारखं पिसून खेळू." पोरांनी गलका केला, विशेषतः काकू ज्यांच्या संघात यायची होती त्यांनी. बापू ऐकेना. पाडव्याच्या रात्री सतरंजी पडली तेव्हा तो सरळ अण्णांच्या समोर जाऊन बसला, भिडूच्या जागेवर. पंचावन्न वर्षांत तो तिथे कधी बसला नव्हता.

ओरडायला मोकळीक होती, त्यामुळे घर डोक्यावर घेतले गेले. ते दोघे हरले. एकदा अण्णांनी हुकमाचा रंग दोनदा विचारला, तर बापूने तो सांगितला, आणि समोरच्यांनीही, भिडूला सांगता येत नाही म्हणून आरडाओरडा न करता, आपली पाने लावून घेतली. चौथ्या डावाला इंजिनिअर पुतण्याने कोट केला. अण्णांनी चष्मा काढून पुसला.

"पत्तेच येत नाहीत रे आज," ते म्हणाले.

"नाहीच येत," बापू म्हणाला. "एक दश्शी धड येईल तर शपथ." आणि त्याने पाने गोळा करून पिसायला घेतली. आमचा बापू पत्ते फार वाईट पिसतो. दोन पाने निसटून अण्णांच्या मांडीवर पडली. अण्णांनी ती न पाहता पालथीच त्याच्याकडे सरकवली.